पँट झाली का रे?

१२ जून

टिल्ल्या,

खुशाल असशीलच. नसलास तरी पत्रात लिहू नकोस, तुझी मामी लगेच तुझ्याकडे यायला पिशवी भरायला घेते.

आता मुद्द्याचं. शूटिंग संपून किती दिवस झाले, पिक्चर कुठे आहे? पत्र लिहितोय याचं तुला हसू येईल, पण फोनचं हल्ली काही खरं नाही. घशाचं ते ऑपरेशन झाल्यापासून माझा आवाज जरा बसलाय, मान्य. पण या फोनवाल्यांनी त्याची पार खरखर करून टाकलीय. परवा तुझ्या आईला फोन केला, तर 'राँग नंबर' म्हणून ठेवून मोकळी! सख्खी बहीण! म्हटलं, मरू दे, कागद बरा.

मी अख्ख्या एसटी स्टँडला सांगून ठेवलंय. चहावाल्याला तर तुझी गोष्ट पाठ झालीय. एक शिंपी, त्याचा एक मित्र. मित्र पँट कमी करायला टाकतो आणि मरतो. मग भूत होऊन रोज दुकानात येतो, वर कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि विचारतो, "पँट झाली का रे?" शिंपी रोज टोलवतो, कारण पँट झाली की हा कायमचा जाणार. चहावाला खो खो हसला. म्हणाला, चड्डीतला तूच का? म्हटलं, मीच! काय समजलास!

एक गंमत सांगू? जन्मभर मी त्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. माझा आवाज गावभर माहीत, पण तोंड कुणी पाहिलेलं नाही. बाजारात मी भाजीवाल्याला "कोथिंबीर दे" म्हणालो की तो दचकून बघायचा. आता पहिल्यांदाच लोकांना दोन्ही मिळणार, तोंड आणि आवाज, एकदम. म्हणून जरा घाई आहे, दुसरं काही नाही.

मामीला एक वाईट खोड लागलीय. मी दुकानात काही मागितलं की ही मागून तेच पुन्हा म्हणते. "अर्धा किलो साखर." "हो, अर्धा किलो साखर म्हणतायत." मी काय परक्या भाषेत बोलतो? चांगलं झापलं तिला.

तारीख कळव. कोट इस्त्रीला टाकायचाय.

मामा

•

१९ जून
(हे पत्र टाकलं नाही)

मामा,

तारीख ठरलीय, पण तुला कळवायची हिंमत होत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही पिक्चर थोड्या लोकांना दाखवला. ओळखीचे, त्यांचे ओळखीचे, असे खोलीभर. शेवटी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, वाटेल ते लिहा, नाव नको. लोकांनी वाटेल ते लिहिलं. दुकानाची भिंत हलते. भुताची सावली पडते. शिंपी सुई धरतो ती डॉक्टरसारखी. हे सगळं आम्ही हसून वाचलं. पण जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत एक गोष्ट होती, भूत काय बोलतं ते कळत नाही. एकाने लिहिलं, 'भुताच्या घशात खडी अडकलीय का?' एकाने लिहिलं, 'विनोद भुताच्या तोंडी आणि भूत मुकं, कसं व्हायचं?'

मला शूटिंगच्या वेळी कळत होतं रे. मला तुझं सगळं कळतं, मी तुझ्या मांडीवर वाढलोय. मला वाटलं, इतरांनाही कळेल.

आणि खरी गोष्ट ही नाहीच. खरी गोष्ट अशी की माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "या भुताला कुठून पकडून आणलंत?" मी म्हणालो, "आहेत एक ओळखीतले."

ओळखीतले. मामा, माझ्या तोंडून हेच निघालं.

नंतर आम्ही एक आवाजवाला बोलावला. जाहिरातींना आवाज देतो. त्याने दोन दिवसांत तुझं सगळं बोलणं पुन्हा बोलून दिलं. पडद्यावर तोंड तुझं हलतं, आवाज त्याचा येतो. छान येतो, हेच वाईट आहे. आता सगळं कळतं आणि लोक हसतात.

तुला कसं सांगू?

•

२० जून

मामा,

पत्र मिळालं. पिक्चरचं काम अजून चालू आहे, तारखेचं काही नक्की नाही. हॉलही छोटा आहे, खुर्च्या मोडक्या. तू एवढा प्रवास करून येऊ नकोस, मीच नंतर घरी आणून दाखवतो. तब्येतीला जप. मामीला नमस्कार.

टिल्ल्या

•

८ जुलै

टिल्ल्या लेका,

तारखेचं नक्की नाही म्हणे! अरे, तिकीट तपासनिसाची मुलगी तुमच्याच गल्लीत राहते. तिने भिंतीवरचा तुमच्या पिक्चरचा कागद पाहिला, तारखेसकट. मामाला गुपचूप चकवा द्यायला निघालास होय? मला कळलं तुझं, आयत्या वेळी बोलावून स्टेजवर चढवायचं असेल. चढतो. माझी ना नाही.

आम्ही येतोय. मी, मामी, तपासनीस, चहावाला आणि आपला लंबूटांग ड्रायव्हर. तो सुट्टी घेऊन येतोय, आजवर त्याने स्वतःच्या मेहुण्याच्या लग्नाला सुट्टी घेतली नाही.

डॉक्टरांची याच महिन्यातली तारीख मी पुढे ढकलली. नेहमीचंच आहे, काळजी नको.

मामा

•

१३ जुलै

मामा,

या सगळे. खुर्च्या राखून ठेवतो. एक सांगायचं होतं, आवाजाची जरा साफसफाई केलीय मशीनवर. पिक्चरमध्ये सगळ्यांचीच करतात. बाकी भेटीत.

टिल्ल्या

•

३० जुलै

मामा,

तुम्ही चहाला थांबला नाहीत. मी सगळ्यांसाठी सांगून ठेवला होता. बाहेर आलो तर गाडी निघालीसुद्धा होती. शेवटच्या गाडीला अजून अवकाश होता ना रे?

खेळ संपून दार उघडल्यावर तू माझा हात हातात घेतलास आणि नुसती मान हलवलीस. गर्दी होती, बोलता आलं नसेल.

लोकांना पिक्चर फार आवडला. चिठ्ठ्यांचा डबा भरला होता, त्यातल्या काही तुझ्यासाठी उतरवून पाठवतो. 'भूत एक नंबर.' 'असा मित्र मेल्यावर तरी मिळावा.' 'चड्डीत एवढ्या रुबाबात चालणारा माणूस पाहिला नाही.' 'माझ्या मित्राशी तीन वर्षं बोललो नाही, उद्या फोन करणार.' नावं ठेवणारेही आहेत. भिंत अजून हलते. आणि चार-पाच जणांनी लिहिलंय की मध्येच भुताचं हसणं निराळ्याच माणसाचं वाटतं, बिघडलेल्या गाडीसारखं, त्याच्या आवाजाशी जुळत नाही. ते राहून गेलं होतं, पुढच्या खेळाच्या आधी बदलून टाकणार आहोत.

पत्राची वाट बघतो.

टिल्ल्या

•

२१ ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र नाही. आईने फोन केला तर मामीने घेतला, म्हणाली, झोपलेत. भर सकाळी?

मी मुद्दाम तुझ्यासाठी गोडगोड चिठ्ठ्या निवडून पाठवल्या. त्यातली एक मी पाठवली नव्हती, 'भुताचा आवाज काय भारदस्त, मानलं.' ती मी वाचली आणि खिशात लपवून टाकली. साफसफाई वगैरे काही नव्हती. मी तुझा आवाज काढून टाकला आणि दुसऱ्याचा लावला. तुला सांगायला मला एक महिना होता आणि मी तो खुर्च्या राखण्यात घालवला.

जूनमध्ये एक पत्र लिहून ठेवलं होतं, टाकलं नव्हतं. ते सोबत ठेवतोय. त्यात मी काय म्हणालो तेही आहे. वाच आणि मग हवं ते बोल. मला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून आलो नाही.

टिल्ल्या

•

२ सप्टेंबर

टिल्ल्या,

दोन्ही पत्रं वाचली. 'ओळखीतले' म्हणालास, ते बरं केलंस. निदान ओळख तरी ठेवलीस.

हा टोमणा लिहायला आठवडाभर विचार करत होतो. आता लिहून झाला, तर बरं वाटत नाही. असो.

हॉलमध्ये काय झालं ते तुला सांगतो, कारण तू मागे उभा होतास, तुला आमच्या पाठी दिसल्या असतील. पडद्यावर दुकानाचं दार उघडलं आणि मी आत आलो. लोक चड्डी बघून हसले. मीही हसलो, मामीला कोपराने ढोसलं. मग पडद्यावरच्या माझं तोंड उघडलं आणि आवाज आला, "पँट झाली का रे?" मी मागे वळून बघितलं. देवाशप्पथ, मला वाटलं, मागचा कुणी बोलला.

चड्डीत शंभर माणसांसमोर उभा राहिलो, त्याची मला लाज वाटली नाही. त्या आवाजाची वाटली.

पुढच्या रांगेत तपासनीस होता. तो वळून माझ्याकडे बघायला लागला आणि अर्ध्यातच मान फिरवून पुढे बघू लागला. तेवढ्यानेच मला कळलं की याला सगळं कळलंय. बाहेर पडल्यावर चहावाल्याने कोटाचं कौतुक केलं. लंबूटांगने चालण्याचं. तपासनिसाने, काही सुचेना म्हणून, त्या हलणाऱ्या भिंतीचं. आवाजाबद्दल एकाने चकार शब्द काढला नाही. ज्यांनी आयुष्यभर माझ्या आवाजावर गाड्या पकडल्या, त्यांनी! सगळ्यांना ठाऊक होतं, टिल्ल्या. माझं बोलणं कुणालाच कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. मला आपला वाटत होता जरा बसलाय.

गाडीत मी ड्रायव्हरच्या बाजूच्याला खिडकी लावायला सांगितली. मामी लगेच म्हणाली, "खिडकी लावा म्हणतायत." आणि मग मला तिची ती खोड कळली. इतके महिने ती माझी लाज झाकत होती आणि मी चारचौघांत तिच्यावर खेकसत होतो, मध्ये तोंड घालू नकोस म्हणून. त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलंय. स्टँडवर जात नाही. पाटी-खडूवर संसार चाललाय.

आता खरं ते लिहितो, कारण तूही लिहिलंस. घशात पुन्हा गाठ आहे. या वेळी स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. हे मला मार्चमध्येच कळलं होतं. मामी रडायला लागली, घरात मग ओरडणार कोण म्हणून. आणि त्याच आठवड्यात तू भुताचं काम घेऊन आलास. मी म्हटलं, झालं काम! हिला माझा आवाज हवासा वाटला की पिक्चर लावायचा. गाड्या पुकारल्या त्या हवेत गेल्या, तेव्हा कोण टेप करतंय? म्हणून हो म्हणालो, नाहीतर चड्डीत कशाला नाचलो असतो या वयात?

तू चूक केलीस असं म्हणत नाही. लोक हसले, तेच हवं होतं. पण माझं मूळचं बोलणं तुझ्याकडे असेल ना? ते तेवढं पाठव. खरखर असली तरी चालेल, मामीला कळतं.

अठ्ठावीस तारखेला ऑपरेशन आहे.

मामा

•

७ सप्टेंबर

मामा,

ते नाही.

तीन वेळा कागद फाडून शेवटी एवढंच लिहिता येतंय. आमच्याकडे साठवायला जागा नव्हती, जुनं पुसल्याशिवाय नवीन बसेना. आवाजवाल्याचं काम झालं त्या संध्याकाळी मशीनवरच्या पोराने मला विचारलं, म्हाताऱ्याचा आवाज ठेवायचा का? मी म्हणालो, कशाला, आता लागणार नाही. हे मीच म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

चार दिवस शोधतोय. सगळ्यांना विचारलं, प्रत्येक मशीन उलटंपालटं केलं. तुझे ओठ हलतायत अशा कितीतरी चित्रफिती आहेत, सगळ्या मुक्या.

तुला आजाराबद्दल माहीत होतं, मला सांगितलं नाहीस, असं म्हणून तुझ्यावर ढकलता येईल का, हेही मी करून बघितलं. नाही ढकलता येत. आजार नसता तरी तो आवाज तुझा होता.

मी शनिवारी येतोय. रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन येतो. तू काहीही बोल, मला शिव्या घाल, गाड्या पुकार. फक्त बोल.

टिल्ल्या

•

१७ सप्टेंबर

टिल्ल्यास मामीचा आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, आमच्याकडे ते खातं यांचं. पण तू शनिवारी गेलास तो तसाच, न जेवता, म्हणून लिहिते.

तू त्या मशीनचं बटण दाबून दिवसभर यांच्यासमोर बसलास. यांनी दोनदा तोंड उघडलं आणि पाण्याचा पेला मागवला, तोही पाटीवर लिहून. तू गेल्यावर पाटीवर लिहिलं, 'मशीन बघितलं की मला तो हॉल दिसतो.' आता त्यांना छळू नकोस. तुझ्या मनातून ते गेलं नाही तसं त्यांच्याही गेलेलं नाही. लाज ही काय बटणाने बंद होते का?

पण मला वेगळंच विचारायचंय. पिक्चरमध्ये शिंपी स्वतःचीच बाही पँटला शिवून टाकतो आणि भूत हसतं. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलतात, मग सेल्फ मारल्यावर गाडी सुरू होत नाही तसं घर्रर घर्रर, आणि मग एकदम भक्कन. तू मला वेडी समजतोस का? ते हे आहेत. तो परका माणूस तसं हसूच शकत नाही. हॉलमध्ये बाकी सगळा वेळ मला रडू येत होतं, तेवढ्यापुरतं मी यांचा हात धरला होता. यांना ते ऐकूच आलं नाही, मान खाली घालून बसले होते.

तू जुलैच्या पत्रात लिहिलंयस, लोकांनी त्या हसण्याला नावं ठेवली आणि तुम्ही ते बदलणार. बदललंत का? नसेल बदललं तर हात लावू नका. तुमच्या लोकांना म्हणावं, जुळत नसेल तर नसू दे.

कळव लगेच. यांना मी सांगितलेलं नाही. नसलंच, तर सांगणारही नाही.

मामी

•

५ ऑक्टोबर

मामा,

हे मामी तुला वाचून दाखवेल. नळ्या आहेत तोवर पाटीचा हट्ट नको म्हणून डॉक्टरांनी तुला दरडावलंय, असं आईकडून कळलं. तेव्हा आता तुला मुकाट्याने ऐकावंच लागणार.

मामीचं पत्र आलं तसा मी मशीनकडे पळत गेलो. तुझं बोलणं शोधताना त्या हसण्याचं मला सुचलंच नव्हतं. बदललेलं नव्हतं. आवाजवाल्याने दोनदा हसून बघितलं होतं, पण तुझे खांदे हलतात तिथे त्याचा आवाज बसेना, म्हणून कंटाळून तुझंच ठेवलं होतं. बदलायची तारीख तीन वेळा ठरली आणि तीन वेळा आमच्या आळसाने हुकली. तेवढं हसणं मी वेगळं काढून चार ठिकाणी ठेवलंय. एक आईकडे आहे. तू घरी गेलास की मामीसाठी ते घेऊन येतो. तुला नको असेल तर दुसऱ्या खोलीत जा.

याने काही भरून निघालेलं नाही, मला माहीत आहे. तुझं एवढं बोलणं मी पुसलं आणि हाती राहिलं ते एक हसणं, तेही चुकून राहिलेलं. माझ्या चांगुलपणाने राहिलं असतं तर तुला लिहायला मला इतकी शरम वाटली नसती.

काल दुसरा खेळ झाला. मी मागे उभा राहिलो नाही, लोकांत जाऊन बसलो. शिंप्याने बाही शिवली, तुझे खांदे हलले, आणि ते घर्रर सुरू झालं. पुढचे कुणीतरी तुझ्याबरोबर तस्संच हसायला लागले, घर्रर, घर्रर, आणि मग अख्खा हॉल सुटला. माझ्या शेजारचा गृहस्थ डोळे पुसत माझ्याकडे वाकला. म्हणाला, "हे हसणं कुणाचं हो? बाकीचा आवाज नाही वाटत याचा."

मी सांगितलं. पण इतकं हळू की त्याला ऐकूच गेलं नाही. तो कानाला हात लावून म्हणाला, "कुणाचं म्हणालात?"

मग मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने, पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं इतक्या मोठ्याने, "माझ्या मामाचं."

टिल्ल्या